गुठळीनंतर पाय सुजतच राहतोय? शिरेत स्टेंट घालण्याआधी आणि नंतर काय पाहायचं

खोल शिरेतल्या गुठळीवर औषधं होऊन सहा महिने उलटले, तरी संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याजवळची कातडी काळपट पडते, चालताना मांडी फुटेल असं वाटतं. कारण शिरेत जुन्या गुठळीचे तंतूंचे पडदे उरलेले असतात आणि रक्त खाली परतू न देणाऱ्या झडपा निकामी झालेल्या असतात. स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, झडपा दुरुस्त करत नाही; तो फक्त अडथळा मोकळा करतो, तोही जांघेत आणि ओटीपोटात. गुडघ्याखाली स्टेंट घालत नाहीत.

आधी दाबाचे मोजे आणि रोजचं चालणं नेटाने करून पाहा. मोजे सकाळी, सूज चढण्यापूर्वी घाला. पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा मात्र आधी तपासून घ्या. तो कमी असेल तर घट्ट मोज्याने इजा होते.

एवढं करूनही त्रास राहिला किंवा जखम भरत नसेल, तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी (शिरांचं चित्रण) होते. तेव्हा डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: मांडीतून वर येणारा प्रवाह पुरेसा आहे का? सगळं यावर अवलंबून आहे. खालून रक्तच कमी आलं तर उत्तम बसवलेला स्टेंटही गुठळीने भरतो.

प्रक्रियेत मांडीतल्या किंवा गुडघ्यामागच्या शिरेत सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालतात. बंद भागातून तार पार करणं हेच सर्वांत वेळखाऊ काम. मग शिरेच्या आतल्या सोनोग्राफीने खराब भाग कुठून कुठपर्यंत आहे ते मोजतात, बलूनने शीर रुंद करतात आणि स्टेंट बसवतात. स्टेंटचा व्यास ओटीपोटात साधारण 14 ते 16 मिमी, जांघेत 12 ते 14. स्टेंट खराब भागाच्या अलीकडेच संपला, तर उरलेला अरुंद भाग प्रवाह अडवतो.

नंतर कंबर काही दिवस दुखते. त्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी चुकवू नका; दात काढायचा असला तरी परस्पर बंद करू नका. डॉपलर साधारण दुसऱ्या दिवशी, दोन आणि सहा आठवड्यांनी, पुढे ठरल्याप्रमाणे. पाय अचानक सुजला तर त्याच दिवशी दाखवा: ताजी गुठळी काढता येते, जुनी झाली की अवघड. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट तातडीच्या विभागात जा.