जागा राखीव झाली, तिकीट कसं मिळवाल?

मी पंचायत समितीची माजी सदस्य. आता तालुक्यातल्या बायकांना निवडणुकीचे अर्ज भरायला मदत करते. जिल्हा परिषद किंवा पंचायत समिती लढवू पाहणाऱ्या तायांसाठी हे लिहितेय.

७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. पण घटना राखते ती जागा. तिथं कोणती बाई उभी राहणार, हे पक्षाची माणसं बसून ठरवतात आणि पहिलं नाव बहुतेक वेळा एखाद्या पुढाऱ्याच्या पत्नीचं किंवा सुनेचं निघतं. म्हणून सोडतीची, म्हणजे कोणती जागा राखीव हे चिठ्ठी काढून ठरतं त्याची, वाट बघत बसू नका. सोडत निघाली की पुरुष इच्छुक त्याच संध्याकाळी घरातल्या बाईचं नाव पुढं करतात. त्याआधीच तालुकाध्यक्षांकडे लेखी मागणी द्या, पोच घ्या. महिलांसाठी राखीव नसलेल्या जागेवरही बाईला लढता येतं, तेही त्या अर्जात लिहा.

कागदांना सगळ्यात जास्त वेळ जातो. मागास प्रवर्गाच्या जागेवर जातीचा दाखला आणि जात वैधता, म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, लागते. बाईची जात माहेरची धरतात, त्यामुळे पुरावे वडील, आजोबा, चुलते यांच्याकडचे काढावे लागतात. दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं. मध्ये जोडायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हवं. भावाची किंवा वडिलांची वैधता झाली असेल तर तिची प्रत आजच मागून घ्या. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं लागतं. ते स्वतःच्या नावावर काढा आणि चेकबुक स्वतःजवळ ठेवा.

पक्षाच्या मुलाखतीला एकटीने आत जा. मालकांना बाहेर बसू द्या. पक्षाचे निरीक्षक तुमच्या गटातली (मतदारसंघातली) गावं विचारतात, बूथ विचारतात, खर्च किती करणार हेही विचारतात. कोणत्या गावात पाण्याचा टँकर येतो, कुठल्या अंगणवाडीला छप्पर नाही, कोणते बचतगट तुमच्याबरोबर आहेत, हे नावानिशी सांगा. पैशाचा आकडा खरा सांगा.

तिकीट मिळालं हे फोनवर कळून उपयोग नाही. उमेदवारीवर सही करायचा अधिकार कोणत्या पदाधिकाऱ्याला आहे, हे पक्ष ए फॉर्मवर कळवतो; बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव येतं. हे दोन्ही फॉर्म शाईच्या मूळ सहीचे हवेत आणि मुदतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवेत. झेरॉक्स चालत नाही. पक्ष बंडखोरीच्या भीतीने एबी फॉर्म अगदी शेवटच्या दिवशी देतात, म्हणून एक अर्ज पक्षाचा भरा, एक अपक्ष भरा. फॉर्म आलाच नाही तर अपक्ष अर्ज हातात राहतो. मग तो अर्ज मागे घ्या म्हणून माघारीच्या मुदतीपर्यंत नेते घरी येतील. ती बोलणी दीर-सासऱ्यांवर सोडू नका, स्वतः समोर बसा.