नवा फोल्डिंग चाकू उघडायला जड जातोय? आधी हे करा

नवीन चाकू जड उघडतो म्हणून लगेच परत करू नका, बऱ्याचदा पिव्हटचा, म्हणजे पातं ज्याच्याभोवती फिरतं त्या खिळीचा स्क्रू जास्त आवळलेला असतो नाहीतर आत फॅक्टरीचं घट्ट ग्रीस असतं. आधी एकदोन दिवस टीव्ही बघताना नुसता उघडबंद करा, पात्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या (वॉशर) घासून बसतात आणि बराच फरक पडतो. तरी जड वाटला तर पिव्हटवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, आणि जास्तीचं पुसून टाका. खोबरेल नको हां, ते २४-२५ डिग्रीखाली गोठतं आणि आपल्याकडे निफाडची थंडी माहितीये ना, द्राक्षाच्या बागेत सकाळी चाकू उघडणारच नाही.

मग स्क्रू. बहुतेक वेळा टॉर्क्स असतो, म्हणजे डोक्यावर सहा टोकांच्या ताऱ्यासारखी खाच, मापं टी६, टी८ किंवा टी१०, साधा पेचकस घातला की डोकं गेलंच. अगदी थोडा सैल करा, पातं डावीउजवीकडे हललं की जास्त झालं, परत किंचित आवळा. स्क्रू हलतच नसेल तर लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणूनचा गोंद, लावलेलं असतं, जोर नका करू, सोल्डरिंग आयर्नने डोकं जरा गरम करा. आणि फक्त सुरुवातीलाच अडकून पुढे मोकळा फिरत असेल तर तो डिटेंट, म्हणजे पातं बंद धरून ठेवणारा छोटा अटकाव, खिशात उघडू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला, त्याला हात लावू नका.