अपडेट मारायच्या आधी डोंगलची सोय करून ठेवा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजचे अपडेट सोडतं. आपल्याकडे ते मंगळवारी रात्री, नाहीतर बुधवारी उजाडता पोचतात, आणि मग माझा फोन वाजायला लागतो. "ताई, नेटच नाही चालून राहिलं. काल तं चांगलं होतं!" नागपुरात धंतोलीतली सीएंची ऑफिसं, इतवारीतली कापडाची दुकानं, नंदनवनातले एक-दोन कोचिंग क्लास असे कॉम्प्युटर मी सांभाळते. यातले बरेचसे असेंबल केलेले जुने पीसी आहेत. त्यांना स्वतःचं वायफाय नाही, म्हणून मागे बोटाच्या पेराएवढं डोंगल खोचलेलं. नवे लॅपटॉप इतके पातळ की त्यांना लॅनचं भोकच नाही, मग तिथे युएसबीचं लॅन कन्व्हर्टर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला आणि लोकांनी धडाधड विंडोज 11 टाकून घेतलं. तेव्हापासून ही तक्रार जास्तच येते.

पहिली गोष्ट म्हणजे डोंगल फेकू नका. अपडेटच्याच दिवशी डोंगल जळालं, असं क्वचित होतं. तुम्ही ते खोचता तेव्हा कॉम्प्युटर त्याला दोन नंबर विचारतो, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. त्या जोडीवरून तो ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, शोधतो. अपडेटमध्ये हा ड्रायव्हर बदलला जातो, किंवा नवी विंडोज जुन्या ड्रायव्हरला आत घेत नाही, किंवा लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, बदलतं आणि जुन्यासाठी बनवलेला ड्रायव्हर नव्यात बसत नाही. वस्तू जागेवरच असते, तिचा दुभाषा गेलेला असतो. आणि घोळ असा की नवा ड्रायव्हर आणायला नेट लागतं, अन् नेट तर त्याच डोंगलवर. म्हणून खरं काम अपडेटच्या आधीचं आहे. नंतरची धावपळ त्याच्या निम्मीही कामाची नाही.

आधी चिप ओळखा

खोक्यावरचं नाव आणि "600 एमबीपीएस" विसरा. आत चिप कोणाची आहे ते महत्त्वाचं. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या चिपा निघतात. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन722एन घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. बाहेरून डोंगल तेच, ड्रायव्हर मात्र पूर्ण वेगळा. आवृत्ती लेबलवर सिरियल नंबरजवळ व्ही1, व्ही2 अशी बारीक छापलेली असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा.

लेबल पुसलं असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समध्ये तुमचं डोंगल, त्याच्या प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीआयडीच्या पुढे चार आकडे-अक्षरं दिसतील, पीआयडीच्या पुढे आणखी चार. 0बीडीए म्हणजे रिअलटेक, 0ई8डी म्हणजे मीडियाटेक, 148एफ म्हणजे रालिंक, 0बी95 म्हणजे एसिक्स. काही कंपन्या स्वतःचा नंबर घालतात. तरी ही जोडी जशीच्या तशी नेटवर शोधली की चिपचं नाव निघतंच. ते नाव मी मास्किंग टेपवर मार्करने लिहून कॅबिनेटला चिकटवते. डोंगलवर नाही चिकटवत, कारण ते आधीच तापतं आणि नवतपात टेपचा गोंद हाताला येतो.

पेन ड्राइव्ह, फोनची केबल, आणि तारीख

आता चालू असलेला, म्हणजे काम करणारा ड्रायव्हर बाहेर काढून ठेवायचा. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पेन ड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर आधी बनवा, कारण ते फोल्डर नसेल तर कमांड नुसती एरर देते. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा. फोनवर मी लोकांना असं सांगते: पीएनपीयूटिल सलग लिहा, जागा सोडा, तिरकी रेघ, एक्सपोर्ट, आडवी रेघ, ड्रायव्हर, जागा, तारा, जागा, आणि शेवटी फोल्डरचा पत्ता. एंटर मारलं की बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात येतात. विंडोजचे स्वतःचे येत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते. ही कॉपी डी ड्राइव्हवर ठेवून समाधान मानू नका. अपडेट बिघडल्यावर कोणीतरी "फॉरमॅट मारून टाका" म्हणतं आणि घाईत डी पण जातो.

दुसरी सोय फोनची. अँड्रॉइड फोन केबलने जोडून सेटिंगमध्ये युएसबी टेदरिंग चालू केलं की विंडोजला आणि लिनक्सला तो लॅन कार्डासारखा दिसतो. त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. बहुतेक फोन स्वतः ज्या वायफायवर आहेत तेच पुढे देतात, त्यामुळे मोबाइल डेटाही जात नाही. एकच अट, केबल डेटाची हवी. चार्जिंगपुरती केबल घरोघरी सापडते आणि वेळेवर तीच हातात येते. म्हणून नेट सुरळीत असतानाच एकदा जोडून पाहा. मोबाइल डेटा वापरायची वेळ आलीच, तर सेटिंगमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, करा. नाहीतर ड्रायव्हर येण्याआधी उरलेले अपडेटच दिवसाचा डेटा खाऊन टाकतात.

तिसरी गोष्ट तारखेची. विंडोजमध्ये अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतात. सीएंच्या ऑफिसात मी हे ठरवूनच करते. दर महिन्याला 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्या दिवसांत मशीनला हात लावायचा नाही. 21 नंतर एखाद्या शनिवारी दुपारी एका मशीनवर अपडेट घ्यायचे, ते नीट चाललं की बाकीच्यांवर. अपडेट कायमचे बंद करून ठेवणारे "जाणकार" पुष्कळ भेटतात. बँकेचं काम होतं त्या मशीनवर हा सल्ला मी कोणालाही देत नाही.

फिक्स आयपी, म्हणजे नेटवर्कमधला मशीनचा हाताने घातलेला कायमचा पत्ता, असेल तर आयपी, सबनेट, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे वहीत लिहून ठेवा. का ते पुढे येतंच.

अपडेट झालं, नेट गेलं

शट डाउन नका करू, रिस्टार्ट करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन अर्धवट असतं, ड्रायव्हरची जुनी अवस्था तशीच जपली जाते. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. त्यासोबत डोंगल काढून कॅबिनेटच्या मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. पुढचं पोर्ट आणि हब तूर्तास नको. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. मिटलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडायचा.

तिथे डोंगल दिसतं, पिवळं चिन्ह नाही, तरी नेट नाही? मग ड्रायव्हरच्या मागे लागू नका. फिक्स आयपीवाल्या ऑफिसात हमखास होतं ते असं: अपडेटनंतर, किंवा पोर्ट बदलल्यावर, विंडोज त्याच डोंगलला नवीन पाहुणा समजते. लॅन कन्व्हर्टर असेल तर यादीत "इथरनेट 3" उगवतं. तुमचा आयपी मात्र जुन्या, आता न दिसणाऱ्या "इथरनेट 2" च्या नावावर राहतो. नव्याला तोच आयपी द्यायला गेलं की विंडोज म्हणते, हा पत्ता दुसऱ्याकडे आहे. लोक इथे गोंधळून कोणता तरी वेगळा आयपी टाकतात. मग टॅलीच्या सर्व्हरला ते मशीन सापडत नाही, प्रिंटर रुसतो, आणि दिवस त्यातच जातो. करायचं एवढंच की डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हाइसेस निवडा. फिकट दिसणारी जुनी नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स नीट नाव वाचून अनइन्स्टॉल करा. मग वहीतले चार आकडे नव्याला द्या. आणि यापुढे त्या डोंगलचं पोर्ट बदलू नका. मी पोर्टाशेजारी मार्करने खूणच करते.

नेटवर्क रीसेट हे बटण सगळे सुचवतात. ते कामाचं आहे, पण शेवटी. त्याने वायफायचे पासवर्ड, फिक्स आयपी, व्हीपीएनची जोडणी सगळंच पुसलं जातं.

पिवळं चिन्ह असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड वाचा. कोड 28 म्हणजे ड्रायव्हरच नाही. अपडेट ड्रायव्हर, मग ब्राउझ माय कॉम्प्युटर, पेन ड्राइव्हवरचं फोल्डर दाखवा आणि सबफोल्डरची टिक राहू द्या. कोड 10 म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होत नाही. इथे ड्रायव्हर टॅबमधलं रोल बॅक आधी करा. ते बटण फिकट असेल तर अपडेट ड्रायव्हरमध्येच "यादीतून मी निवडतो" या अर्थाचा पर्याय आहे, तिथे जुनी तारीख असलेला ड्रायव्हर बरेचदा मिळतो. कोड 43 असेल तर डोंगल दुसऱ्या मशीनला लावून पाहा. तिथेही तेच आलं तर मात्र ते खरंच गेलं. कोड 52 म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही.

सहीचाच भाऊबंद म्हणजे मेमरी इंटिग्रिटी नावाचं सुरक्षेचं कुलूप. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये ते असतं, आणि ते चालू असताना काही जुने ड्रायव्हर अडवले जातात. व्हिडिओवाले सांगतात, बंद करा, डोंगल चालेल. चालेलही. पण एका स्वस्त डोंगलसाठी अख्ख्या मशीनचं कुलूप काढून ठेवायचं? मी त्यापेक्षा डोंगल बदलते.

एक गंमतही होते. नेटवर्कमध्ये काहीच नाही, पण माय कॉम्प्युटरमध्ये एक सीडी ड्राइव्ह उगवलेली. "ड्रायव्हर फ्री" छापलेली डोंगलं आधी स्वतःला सीडी म्हणवतात, पोटातला ड्रायव्हर देतात, आणि मग वायफाय होतात. त्या सीडीतलं सेटअप पुन्हा चालवा. ड्रायव्हर आधीच असेल तर सीडीला राइट क्लिक करून इजेक्ट करा.

नेट दहा-पंधरा मिनिटं चालून गायब होत असेल तर पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवायची टिक काढा. मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा लागलेली असू शकते.

अगदीच काही जमलं नाही, आणि अपडेट मोठा म्हणजे आवृत्ती बदलणारा होता, तर सेटिंगमधल्या रिकव्हरीत गो बॅक आहे. त्याची मुदत दहा दिवसांची. "पुढच्या आठवड्यात पाहू" म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

लिनक्सवाले

हे बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं असतात आणि मला फोन करायच्या आधी सगळं करून बसलेली असतात. तर बाप्पा, आधी कॉम्प्युटर सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन मागचं कर्नल निवडा. नेट परत येईल, मग शांतपणे पुढचं करा.

ड्रायव्हर कर्नलच्या आतलाच असेल तर अपडेटने सहसा बिघडत नाही. बाहेरून आणून बांधलेला ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाचं सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण नव्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधायला लागणाऱ्या फायली, टाकलेले असतील तरच. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाच सही तपासणारी सोय, चालू असेल तर बांधलेल्या ड्रायव्हरला सहीही लागते. त्यासाठी ठेवलेला पासवर्ड रिस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर द्यायचा असतो. घाईत तो पडदा कंटिन्यू म्हणून पुढे ढकलला, की ड्रायव्हर असूनही चढत नाही.

आणि बाहेरचा ड्रायव्हर अजून लागतो का, हेही तपासा. रिअलटेकच्या 8821सीयू आणि 8822बीयू चिपा कर्नल 6.2 पासून आतच धरल्या आहेत, 8812एयू आणि 8821एयू कर्नल 6.13 पासून. तुमचं कर्नल त्यापुढचं असेल तर बाहेरचा काढून टाका. दोघे एका चिपसाठी भांडतात.

मॅक

थोडक्यात सांगायचं तर एम मालिकेच्या मॅकवर वायफाय डोंगलच्या नादी लागू नका. बाहेरचे कर्नल ड्रायव्हर चालवायला अ‍ॅपलने तिथे सुरक्षा खाली आणायची अट घातली आहे. लॅनचं कन्व्हर्टर घ्या. रिअलटेक आरटीएल8153 किंवा एसिक्स एएक्स88179ए चिपचं असेल तर ड्रायव्हर न टाकता चालतं आणि अपडेटनंतरही चालत राहतं.

नवं घ्यायचंच असेल तर

सीताबर्डीत मोदी नंबर तीनमध्ये चिप विचारली की दुकानदार हसतात. "चिप कोण पाहते ताई, रेंज पाहा नं." तरी विचारायचं. टेबल जिथून हलत नाही तिथे वायफायपेक्षा लॅन बरं. आरटीएल8153 तिन्ही सिस्टिमवर विनातक्रार चालते. लिनक्ससाठी वायफाय हवं असेल तर मीडियाटेकची एमटी7612यू किंवा एमटी7921एयू. विंडोजसाठी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर विंडोज 11 चा ड्रायव्हर आहे का आणि त्याची तारीख काय, हे दुकानातच मोबाइलवर पाहा. ड्रायव्हर वर्षानुवर्षं जुना असेल तर पुढच्या मोठ्या अपडेटला ते डोंगल अडकेल असं धरून चाला.

सोबत हातभर युएसबीची एक्स्टेन्शन केबलही घ्या. युएसबी 3 च्या पोर्टाशेजारी 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायला खरखर लागते, डोंगल जरा लांब गेलं की ती कमी होते. मे महिन्यात कॅबिनेटमागची गरम हवाही त्याला लागत नाही. बिलावर चिपचं नाव लिहून घ्या. दुकानदार लिहायला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात विचारा.