काळ्या शेळीचे छायाचित्र काढताना
उस्मानाबादी शेळी बहुतांशी काळी असल्यामुळे भर दुपारी काढलेल्या छायाचित्रात तिचा नुसता काळा गोळा दिसतो. म्हणून सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून, मोबाइलच्या पडद्यावर तिच्या अंगावरच बोट टेकवावे आणि गरज पडल्यास उजेड किंचित वाढवावा. उभ्याने, जवळून फोटो घेतल्यास डोके मोठे व पाय आखूड दिसतात (विक्रीच्या जाहिरातींत हा दोष सर्रास आढळतो), तेव्हा तीन-चार मीटर अंतरावर गुडघ्यावर बसून, मोबाइल तिच्या छातीच्या उंचीवर धरून बाजूने चित्र घ्यावे. जमीन सपाट असावी. सोबत्याने समोर सुबाभळीचा डहाळा धरला की शेळी मान उंचावते आणि कान पुढे घेते. डहाळा चौकटीबाहेर राहील असे पाहून त्याच क्षणी बटण दाबावे.