दुरुस्त केलेल्या जागीच गाडी पुन्हा गंजली तर

वॉरंटीत दुरुस्त करून आणलेल्या दाराच्या खालच्या कडेला मोहरीएवढा फोड दिसला की त्याला नखाने टोकरू नका. आधी फोटो काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं टेपने चिकटवून काढा, म्हणजे दोन महिन्यांनी मोहरीची तूर झाली हे कुणालाही दाखवता येतं.

मी रत्नागिरीत राहतो, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. माझ्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार चार वेळा रंगवून झालं आहे. दोनदा अधिकृत वर्कशॉपमध्ये, एकदा माझ्या हातून, आणि चौथ्यांदा नीट. चौथ्या कामाला आता सहा पावसाळे झाले, फोड नाही. मधल्या काळात मला मिळालेले सल्ले असे होते: रॉकेल लाव, ग्रीस चोप, वरून स्टिकर मार. यातलं काहीही करू नका.

आधी कागद

वर्कशॉपमध्ये गेलात की पहिलं वाक्य ऐकू येईल ते म्हणजे, “काका, खारी हवा आहे, गंज येणारच.” माझं उत्तर ठरलेलं असे: “मग डाव्या दाराला का नाही आला? त्याला वेगळी हवा लागते?” यावर तिथला मुलगा हसतो, पण मुद्दा त्याला कळतो. वॉरंटीच्या पुस्तिकेत हवामान, मीठ, दगडाचे टवके वगैरे अपवाद बहुधा असतातच, आणि कित्येकदा पत्र्याला आरपार भोक पडल्याशिवाय तो ‘गंज’ धरलाच जात नाही. त्या वादात शिरू नका. तुमची तक्रार मूळ गंजाची नाहीच. त्यांनी वॉरंटीत स्वीकारून केलेली दुरुस्ती टिकली नाही, म्हणजे सेवेत त्रुटी राहिली, ही तुमची तक्रार.

म्हणून जॉब कार्डवर (गाडी ठेवताना वर्कशॉप कामं लिहितं तो कागद) ‘पेंट टच-अप’ किंवा ‘रबिंग पॉलिश’ लिहू देऊ नका. ‘ड्रायव्हर बाजूचं दार, खालची कड, आधी दुरुस्त केलेल्या जागी पुन्हा गंज’ असं लिहून घ्या आणि जुन्या जॉब कार्डचा नंबर खाली टाकायला लावा. ‘बघतो’ म्हणाले तर त्याच संध्याकाळी ईमेल करा. फोनवर झालेलं बोलणं पुढे कामाला येत नाही.

दुसऱ्यांदा दुरुस्ती करायला तयार झाले तर एकच अट घाला: पत्रा उघडा झाला की फोन करायचा, मी बघायला येणार, आणि त्याआधी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायची नाही. ही अट ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर कोल्हापूरचा असला तरी. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. फी गाडीला मोजलेल्या किमतीवर: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांत 200 रुपये, दहा ते वीस लाखांत 400. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मी आळस केला आणि ती घालवली.

आणि हे सगळं चालू असताना स्वतः पत्रा घासायला बसू नका. तुम्ही हात लावलात की त्यांना आयतं कारण मिळतं.

गंज येतो कुठून

दारात पाणी शिरणं हा बिघाड नव्हे. काचेच्या बाहेरच्या बीडिंगमधून, म्हणजे रबरी पट्टीतून, पाणी आत उतरतं, ते दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून निघून जावं अशीच दाराची रचना असते. आमच्याकडे या भोकांत जांभ्याची लाल माती आणि आंब्याचा मोहोर बसून घट्ट बूच तयार होतं. मी पहिल्यांदा काडी घातली तेव्हा आधी चिखल आला आणि मागोमाग पेलाभर पाणी.

दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडलेला असतो. त्या दुमडीत ओल शिरली की सुटत नाही. गंज तिथे, आतून सुरू होतो, फुगतो आणि रंगाला मागून ढकलतो. तुम्हाला दिसलेला फोड ही त्याची शेवटची पायरी. वर्कशॉपवाले बाहेरून घासतात, लांबी मारतात, रंग मारतात. मागचा गंज तिथेच. म्हणून कागदाचं प्रकरण संपून काम आपल्या हाती आलं की आधी दाराचं आतलं पॅड काढा, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तळ बघा, आणि दुमडीवर दाभणाने टोचत जा. दाभण आत गेलं तर पुढचं वाचू नका. तो पत्रा कापून नवा जोडावा लागेल किंवा दारच बदलावं लागेल. जुन्या बाजारातून दार घेणार असाल तर घाटावरच्या गाडीचं घ्या. किनाऱ्यावरच्या गाडीचं दार म्हणजे आपलाच आजार दुसऱ्याच्या घरून आणणं.

उघडा पत्रा

माझं तिसरं काम इथे फसलं.

तारेचा ब्रश ड्रिलला लावून मी पत्रा आरशासारखा केला होता. फार समाधान वाटलं. तारेचा ब्रश गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. बारीक खड्ड्यांच्या तळाशी तो काळा, चकचकीत होऊन बसतो आणि लांबून लोखंडच वाटतो. भिंग घेऊन, उन्हात, तिरपं बघा. काळे ठिपके दिसतात तोवर काम अपुरं. ते काढायला स्ट्रिप डिस्क (ड्रिलला लावायची खरखरीत चकती), मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, आणि खड्डे खोल असतील तर त्या जागेपुरतं सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने वाळूसारखे कण मारून साफ करणं. फोडाच्या भोवती सगळीकडून रंग उतरवत जा, रंगाखाली स्वच्छ पत्रा लागेपर्यंत. फोड मोहरीएवढा असला तरी जागा तळहाताएवढी उघडी होते. होऊ द्या.

हे केल्यावरही गंज परत येतो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खड्ड्यांत मीठ उरलेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पेपरने निघत नाही, थिनरमध्ये विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळतं. रंगाखाली राहिलेलं मीठ ओल ओढत राहतं, आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्याच जागी फोड हजर. माझा बरोबर चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला, मूर्ती आणायला गाडी धुताना.

म्हणून उघडा पत्रा कडकडीत गरम, स्वच्छ पाण्याने धुवायचा. होय, लोखंडावर पाणी ओतायचं. नायलॉनच्या ब्रशने घासायचं, लगेच पुसायचं, हीट गनने किंवा हेअर ड्रायरने पूर्ण वाळवायचं. फॉस्फोरिक आम्लाचं गंज काढायचं औषध वापरायचं तर डब्यावर लिहिल्याइतकाच वेळ ठेवा आणि तेही धुऊन टाका. मग रात्रभर पत्रा तसाच उघडा ठेवा. सकाळी खड्ड्यांत नारिंगी टिपके उठलेले दिसले की मीठ अजून आहे. पुन्हा 80 नंबर, पुन्हा गरम पाणी. मला हे तीन वेळा करावं लागलं. तिसऱ्या सकाळी पत्रा करडाच होता. त्या दिवशी शेजारचे काका येऊन “अजून रंग नाही मारलास?” म्हणून गेले. त्यांच्या गाडीचं काय झालं ते मी सांगत नाही.

ही परीक्षा पावसाळ्यात घेऊ नका. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत उघडा पत्रा मीठ असो नसो, चहा होईपर्यंत लालसर होतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे या कामाचे महिने. ‘पावसाळ्याआधी उरकून देतो’ म्हणून मेअखेरीस घाईने गाडी मागणाऱ्यालाही नकोच म्हणा.

‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाच्या बाटल्यांबद्दल: गंजावरच लावा, गंजाचं रूपांतर होतं, वरून रंग मारा, असं सांगतात. कुंपणाच्या फाटकाला ठीक आहे. गाडीच्या दाराला मी पुन्हा लावणार नाही. जाड गंजाचा वरचा थर तेवढा काळा पडतो, खालचा आपलं काम करत राहतो.

अस्तर, लांबी, रंग

पत्रा पास झाला की शेवटचा एक पेपर मारा, ग्रीस काढायच्या द्रवाने पुसा आणि त्याच दिवशी अस्तर म्हणून दोन घटकांचा (मारायच्या आधी एकत्र करायचा) इपॉक्सी प्रायमर, दोन हात. यापुढे पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, घामातही मीठ असतं.

लांबी इपॉक्सीच्या वर. उघड्या पत्र्यावर नाही, पेंटर कितीही म्हणो. लांबी पाणी शोषते, आणि पत्र्यावर थेट भरली तर ओला स्पंज बांधून ठेवल्यासारखं होतं. तुमच्या जुन्या दुरुस्तीत लांबी किती आहे हे बघायचं असेल तर छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबीचा थर जाड.

मग सरफेसर (रंगाआधीचा सपाट करणारा थर), रंग, क्लिअर कोट. हे कुठलाही बरा पेंटर करतो, त्यात मी डोकं घालत नाही.

दुमडीच्या सांध्यावर सीम सीलरची (सांधा बंद करायच्या लुकणाची) बारीक रेघ हवी, रंगाच्या आधी. रंग पूर्ण वाळल्यावर, आठवड्याभराने, दाराच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, दुमडीत झिरपेल इतकं. अंडरबॉडीचं काळं डांबरी कोटिंग दारात मारायला देऊ नका, ते भोकं बुजवतं. वॅक्सनेही बुजतात, म्हणून लगेच काडी घालून मोकळी करा.

डिकीतून बर्फातली मासळी आणत असाल तर खाली खोल ट्रे ठेवा. ते पाणी पायपोसाखाली जातं आणि तिथला पत्रा कुणी बघत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दार उघडून कडेखाली हात धरा. भोकांतून थेंब पडले पाहिजेत. हात कोरडा राहिला तर काडी घेऊन या.