लग्नाला गावी जाताना: आधी दळण, मग बाकीचं

दळण. पहिलं तेच लिहिते, कारण मागच्या वेळी तेच राहिलं होतं. लेकीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने तिचं आतडं बिघडतं. गहू चालत नाही, ज्वारी चालते. माहेर लातूर जिल्ह्यात असल्यावर ज्वारीची कसली काळजी, असं म्हणत गेल्या उन्हाळ्यात मी धाकट्या भावाच्या लग्नाला पाच दिवसांसाठी निघाले. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते, मुरमुरे होते, औषधं होती, तिच्या रिपोर्टांची फाईलसुद्धा होती. पीठ नव्हतं. आईने रोज ताजी भाकरी करून घातली, पोळीचा तुकडा कुणी तिच्या ताटात पडू दिला नाही, आणि चौथ्या दिवशी पोरगी पोट फुगून, ओकून मंडपामागच्या खोलीत आडवी पडली. आम्ही बुंदीवर आळ घेतला, मग आचाऱ्यावर. खरं कारण महिनाभराने चुलत वहिनीच्या तोंडून सहज निघालं: "ज्वारी व्हय? लग्नाच्या पोळ्याचे गहू दळले की त्याच्यामागंच लावली होती की." पुढच्या तपासणीत रक्तातल्या टीटीजीचा आकडा (ग्लुटेन पोटात जात राहिलं की तो चढतो) चढलेला निघाला तेव्हा त्या वाक्याचा हिशोब लागला.

गिरणीच्या दगडांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. हे आपल्याला माहीत नाही असं नाही. 'ज्वारीवर ज्वारी घाला' असं गिरणीत आपण सगळ्याच म्हणतो, पण ते भाकरीच्या चवीसाठी आणि रंगासाठी. सिलिॲकवाल्याचं तेवढ्याने भागत नाही. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. किलोभर ज्वारीच्या पिठात चहाचा एक चमचा गव्हाचं पीठ मिसळलं तर ग्लुटेन अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आणि पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायची आपल्याकडची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. लग्नघरी पन्नास किलो गव्हामागून आपला डबा लागतो तेव्हा एक चमचा ही फार कंजूष कल्पना झाली. आणि चुलीवर भाजल्याने ग्लुटेन जळून जात नाही. हे आईला मी तीनदा सांगितलंय, चौथ्यांदा सांगेन.

तर दळण घरून न्या. आमच्याकडे आता घरघंटी आहे, तीत गहू कधीच जात नाही. गहू बाहेर गिरणीत जातो, ज्वारी-बाजरी-तांदूळ घरी. घरघंटी नसेल तर गिरणीवाल्याला सकाळी पहिला नंबर मागा, सुरुवातीचं किलो-दोन किलो पीठ घरातल्या इतरांसाठी बाजूला काढा आणि मगच आपला डबा लावा. तेही पक्कं नाही, पण निदान डोळ्यांदेखत होतं. दळायच्या आधी ज्वारी निवडा. खरोखर निवडा, सूप फिरवून मोकळं होऊ नका. मळणी यंत्र एकच, पोती तीच, आणि रब्बीची ज्वारी नि गहू शेजारी-शेजारी उभे असतात. पांढऱ्या गोल दाण्यांत गव्हाचा लांबट दाणा लगेच दिसतो, फक्त बघायला बसावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलीला पाच दिवसांत किलोभर पीठ पुरतं, तरी मी दोन किलो नेणार आहे, कारण पाहुण्याला भाकरी कमी पडली की हात आधी याच पिशवीकडे जातो. जाण्याच्या आदल्या दिवशीच दळा, उन्हाळ्यात जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. फाटलीच तर आधणाच्या पाण्यात मळा. पण 'पीठ जुनं झालं, थांब, गिरणीतून ताजं आणते' असं कुणी म्हणालं तर उठून पिशवीला मिठी मारा.

पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा वेगळ्या पिशवीत, पिशवीला गाठ. हे एवढं का सांगते, तर ओटीमुळे. माहेरवाशीण आली की चार घरांत ओटी भरतात, आपल्याकडे कितीतरी जणी गव्हानेच भरतात, आणि ते गहू नि ब्लाऊजपीस आपण हाताशी असेल त्या पिशवीत कोंबतो. माझ्याही पिशवीत तसेच गेले असते, पीठ असतं तर. या वेळी ओटीसाठी वेगळी कापडी पिशवी घेतलीय.

भांडी. परात, छोटा तवा, उलथनं आपलं न्या. जड होतं, होऊ द्या. माहेरी भाकरी काठवटीत थापतात. लाकडाच्या त्या काठवटीत माझ्या आजीच्या वेळेपासून कणीक मळली गेलीय आणि चिरांतलं पीठ कुठल्याही घासण्याने निघत नाही. भाकरी झाली की तिला पोळ्यांच्या दुरडीत, पोळ्यांच्याच फडक्यात गुंडाळायची सवय असते. एक स्वच्छ फडकं आणि झाकणाचा डबा आपला. ताट-वाटी-चमचा सांगायला नको.

हिंग. इथे बरेच जण फसतात. बाजारातला हिंग बहुतेक वेळा बांधलेला असतो, म्हणजे खऱ्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळून केलेला, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, त्याची छोटी डबी घ्या. नाही मिळाला तर हिंगावाचून वरण होतं, कुणी मरत नाही.

आता माणसं. फोन आठ दिवस आधी करा, लग्नाच्या गर्दीत सांगितलेलं हवेत जातं. 'ॲलर्जी' म्हटलं की वाद सुरू होतो: "एवढ्याशानं काय हुतंय माय, लेकराला उपाशी ठेवतीस का?" तसं पाहिलं तर सिलिॲक ही ॲलर्जी नाही. ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पण हे मंडपात कोण ऐकून घेणार? मला सापडलेला सोपा शब्द म्हणजे उपवास. "तिचा उपवास आहे" म्हटलं की पंच्याहत्तर वर्षांची मावशीसुद्धा भांडं वेगळं घासून घेते, पळी वेगळी ठेवते, खरकट्या हाताने शिवत नाही. जे डॉक्टरांच्या चिठ्ठीने जमलं नाही ते एकादशीने जमतं. भगर, साबुदाणा, राजगिरा, सगळंच चालणारं. तोटा एकच, दुसऱ्या दिवशी कुणीतरी प्रेमाने उपवास सोडायला पुरणपोळी घेऊन येतं. म्हणून ही युक्ती दूरच्या घरी, एका जेवणापुरतीच. पाच दिवस जिथे राहायचं तिथे खरं सांगा आणि त्यात गिरणीचं सांगा. 'गहू नको' एवढं पुरत नाही, मी तेवढंच सांगितलं होतं आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं होतं.

"आमच्या काळात नव्हते असले आजार" यालाही उत्तर तयार ठेवा. होते, नाव नव्हतं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला तेव्हा सिलिॲकची मुलं उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्याने हे प्रबंधात मांडलं. आणि आपल्याकडे आजीच्या काळात पोळी सणावाराला व्हायची, रोज भाकरीच होती. मग दिसणार कुठून? उत्तर भारतात, जिथे रोज गहूच, तिथे शंभरात एकाच्या आसपास लोकांना हा आजार आहे. यावर "मग खपली दे, तो देशी गहू असतो" असं म्हणणारे भेटतील. खपली हाही गहूच, बन्सीही गहूच. रवा, मैदा, दलिया, शेवया यांची यादी देत नाही, मोठी झालात.

एक आडवं सांगून टाकते. हे वाचून कुणाला आपल्या मुलाची शंका आली, वजन वाढत नाही, रक्त कमी, पोट सतत बिघडलेलं, तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. रक्ताची टीटीजी आणि मग दुर्बिणीची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. आणि एका मुलाला निघालं तर भावंडांची आणि आईवडिलांचीही करा. माझी करायची अजून राहिलीय.

लग्नाचा दिवस. आचाऱ्याला सकाळी सात वाजता गाठा, अकराला तो तुमचा नसतो. फोडणी द्यायच्या आधीचं साधं वरण आणि पहिल्या वाफेचा भात एका डब्यात काढून घ्या, पंगत बसायच्या आधी, वाढप्यांचे हात लागायच्या आधी. बुंदी बेसनाची म्हणून निष्पाप दिसते, पण तळलेली असते पुऱ्यांच्याच तेलात. मठ्ठ्यात हिंग. वांग्याच्या रश्श्यात काय घालून दाट केलंय ते आचाऱ्यालाच ठाऊक. तिच्या ताटात आपल्या पिठाची भाकरी, साधं वरण, भात, दही, आणि घरून नेलेला लाडू. पोरीला मी सांगून ठेवलंय, अक्षता आपल्याकडे ज्वारीच्या असतात, तेवढ्या बिनधास्त उधळ.

लपलेला गहू, घाईत: कुरडई. ती गव्हाच्या चिकाची असते आणि निम्म्या लोकांना ती तांदळाची वाटते. शहरातल्या मामीने मागच्या वर्षी हेच म्हणत पोरीच्या हातात दिली होती, मी हिसकावली, मामी अजून फुगलेली आहे. धपाट्यांत कणीक असते. सातूच्या पिठात गहू किंवा जव, आणि जवातही ग्लुटेन. दूध 'पौष्टिक' करायच्या पावडरीत माल्ट असतं, ते जवाचंच. रुखवत वाटायला लागले की मुलं तिकडे पळतात, तेव्हा एक माणूस मुलीमागे नेमा. मुरमुऱ्यांचा सुशीला चालतो, हिंग सांभाळून. बिबडे ज्वारीचे, चालतात, पण कुठल्या ज्वारीचे? दळलेल्या. कुठे दळलेल्या? हाच प्रश्न पुन्हा. पीठ ज्याच्या हातचं असेल त्याला गिरणीचं विचारा, चांगलं माणूस रागावत नाही.

लग्नानंतर तुळजापूर आणि घरी गोंधळ. प्रसादाचा शिरा असेल तर हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, आणि मला द्यायचा. खोबरं, साखर चालते. प्रवासात केळी, शेंगदाणे, आपली भाकरी-चटणी. ढाब्यावर काही नाही, 'तंदुरी ज्वारी रोटी'सुद्धा नाही, भट्टी मैद्याच्या नानचीच असते.

तरीही पोट बिघडलं तर यावर लगेच उतार देणारी गोळी नसते. ओआरएस पाजत राहा, हलकं खायला द्या, दोन-चार दिवस जातात. उलटी थांबतच नसेल, लघवी कमी झाली, पोर मलूल पडली तर दवाखाना. कुणाला गव्हाची खरी ॲलर्जी असेल, अंगावर गांधी, ओठ सुजणे, श्वास लागणे असं होत असेल, तर ते प्रकरण वेगळं, तिथे वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

परत येताना उरलेलं पीठ माहेरी ठेवू नका. आई ते कणकेच्या डब्यात ओतते, "वाया कशाला घालवायचं" म्हणून, आणि पुढच्या वेळी त्याच डब्यातून तुम्हाला ज्वारीचं पीठ म्हणून देते. परात, तवा मोजून घ्या. फाईल.

मावसबहिणीचं लग्न मंगळवारी आहे. ज्वारी निवडून झालीय, सात गव्हाचे दाणे निघाले. लाईट आली की घरघंटी लावते.