‘हाऊस ऑफ लीव्हज’ वाचताय? मग या चुका टाळा

सोलापुरात इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे काही कमी नाहीत, आणि त्यांतला कोणी ना कोणी अधूनमधून ‘हाऊस ऑफ लीव्हज’ हातात घेतो. शंभरेक पानं होतात, मग पुस्तक कपाटात जातं. मार्क डॅनिएलेव्स्कीची 2000 सालची, एका विचित्र घराची ही सातशे पानांची कादंबरी अवघड आहेच. पण अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं बहुतेक वेळा पुस्तकाशी नाही, प्रतीशी किंवा स्वतःच्या घाईशी बिनसलेलं असतं.

प्रत कुठली घेताय ते आधी बघा. रंगीत आवृत्तीत ‘हाऊस’ हा शब्द जिथे येईल तिथे निळा छापलाय, अगदी तळटीपेतसुद्धा. मिनोटॉरचा (ग्रीक कथेतल्या चक्रव्यूहात राहणारा बैलतोंड्या राक्षस) उल्लेख आणि खोडलेले उतारे लाल आहेत. दुरंगी आवृत्तीत यांपैकी एकच रंग मिळतो, काळ्या-पांढऱ्यात एकही नाही. आतली पानं चाळून निळा आणि लाल दोन्ही रंग आहेत का ते बघा, मगच पैसे द्या.

कॉलेजातल्या एका पोराने मित्राची रंगीत प्रत आणून तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढली, स्पायरल बाइंडिंगही केलं. निळा गेला, लाल करडा झाला, कडेला चिकटवून छापलेल्या टिपांची अर्धी अक्षरं स्पायरलच्या भोकांत गेली. नवव्या प्रकरणात एक चौकट आहे. उजव्या पानावर ती सरळ दिसते आणि पान उलटलं की तोच मजकूर आरशातल्यासारखा उलटा, जणू कागदाला खिडकी पाडलीय. हा गडी झेरॉक्सवाल्याशी भांडला, पानं परत काढायला लावली. परत उलटीच आली! शेवटी ‘छपाईच गंडलीय’ म्हणून त्याने ते प्रकरणच गाळलं. म्हणजे चक्रव्यूहात शिरायला निघालेला माणूस दारातूनच परत फिरला. मोबाइलवर पीडीएफ वाचणाऱ्यांची गतही अशीच. मजकूर खाली डोकं वर पाय आला की पुस्तक फिरवायचं असतं. मोबाइल फिरवला तर पान आपणहून सरळ होऊन बसतं.

पेपरबॅकचं पुढचं कव्हर आतल्या पानांपेक्षा अरुंद आहे. तो दोष नाही, परत पाठवू नका. कादंबरीतलं घरही बाहेरून मोजलं तर लहान आणि आतून मोठं.

दुसरी मोठी चूक तळटिपांची. एक गट त्या सगळ्या गाळतो, दुसरा प्रत्येक टिपेतला ग्रंथ गूगलवर शोधत बसतो. दोघेही फसतात. आधी रचना समजून घ्या. झाम्पानो नावाचा आंधळा म्हातारा या घरावरच्या एका माहितीपटावर जाडजूड प्रबंध लिहितो, आणि तो माहितीपट कादंबरीच्या जगातसुद्धा कोणाला सापडत नाही. म्हातारा मेल्यावर लॉस एंजेलिसमधल्या जॉनी ट्रुअंटला ती कागदं मिळतात, तो आपल्या टिपा जोडतो. वर संपादकांच्या वेगळ्या. कोण बोलतंय ते टाइपावरून ओळखा: जॉनीचा टाइप टंकलेखन यंत्राचा, झाम्पानोचा नेहमीचा पुस्तकी.

जॉनीच्या टिपा कधीही गाळू नका, मात्र त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. मूळ मजकुरात आपण हात घातल्याचं तो स्वतःच सांगतो. संदर्भग्रंथांच्या टिपा नुसत्या नजरेखालून घाला. त्यांत खऱ्यांत खोटी नावं बेमालूम मिसळलीत, आणि ती मिसळ हाच डाव आहे. नवव्या प्रकरणात इमारतींच्या आणि वस्तूंच्या लांबच लांब याद्या येतात. त्या पाठ करायच्या नसतात, त्यांत हरवायचं असतं. खुणेच्या पट्ट्या तीन ठेवा: मुख्य मजकुराला, लांबलेल्या टिपेला आणि परिशिष्टाला.

पाचव्या प्रकरणात संपादकांची टीप तुम्हाला जॉनीच्या आईच्या पत्रांकडे, परिशिष्ट दोन-ई कडे पाठवते. जा. ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्यांना जॉनी नुसता बडबड्या वाटत राहतो.

रोज वीस पानांचं गणित मांडू नका. नवव्या प्रकरणाची दोन पानं तास खातात, दहाव्यात पानावर चार-दोन ओळीच असतात आणि चहा निवायच्या आत पन्नास पानं उलटतात.

पांढऱ्या साडीतल्या बाईची वाट बघणाऱ्यांनी दुसरं काही वाचावं. इथे व्हर्जिनियातल्या एका घराचं आतलं माप बाहेरच्या मापापेक्षा पाव इंच जास्त भरतं, भीती तिथून सुरू होते. आपल्याकडचा गवंडी पाव इंच प्लास्टरवर ढकलून मोकळा होईल. वाचकाने तसं करू नये. पाव इंच पचला की पुढचे मैलोगणती काळोखे बोळ नुसते लांबच लांब वाटतात.

हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये हे पुस्तक काढू नका. शेजारच्याला कोपर लागतं आणि पुण्यापर्यंत ‘उलटं काय वाचताय?’ याची उत्तरं द्यावी लागतात.

आईच्या पत्रांत 8 मे 1987 च्या पत्रापाशी बहुतेक जण अडतात आणि लगेच उत्तर नेटवर शोधतात. आधीच्याच पत्रात तिने किल्ली दिलीय. पेन्सिल घ्या, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर सलग लिहीत जा. अर्धा-पाऊण तास लागेल. शब्द जोडण्याआधी दिवा लावून बसा.